चौथा क्रमांक आणि रिकामी तिजोरी: फोर्स इंडिया कशी बुडाली

२०१८ च्या जुलै महिन्यात हर्णै बंदरातील बोटी नेहमीप्रमाणे किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या होत्या. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीला बंदी असते, त्यामुळे बोटींचे हिशेब लिहून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या दिवसांत नवे आकडे मिळत नाहीत. जुन्या वह्यांतील येणी-देणी जुळवत बसणे एवढेच काम उरते. २७ जुलैला गुरुपौर्णिमा होती आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा पुतण्या, जो तेव्हा तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकत होता, मोबाइल हातात धरून ओटीवर आला आणि म्हणाला, ‘‘काका, फोर्स इंडिया बुडाली. मागची दोन वर्षं सलग चौथा नंबर होता तिचा. चौथी आलेली टीम बुडते कशी?’’

फोर्स इंडिया हा फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींतला विजय मल्ल्यांचा संघ. त्या सकाळी मी त्याला दिलेले उत्तर अर्धेमुर्धे होते, कारण मला शर्यतीतले फारसे कळत नव्हते आणि त्याला हिशेबातले. पुढे आम्ही दोघांनी मिळून हा सगळा प्रकार उलगडला. गाडीचा भाग त्याने मला समजावला आणि पैशाचा भाग मी त्याला. त्यातून माझे जे मत बनले ते असे, की हा संघ आपल्या सर्वात चांगल्या दिवसांत बुडाला, आणि पैसा कमी होता हे त्याचे निम्मेच कारण आहे. पैसा येण्याच्या तारखा आणि पैसा देण्याच्या तारखा यांचा मेळ त्याला कधी बसवता आला नाही, हे उरलेले निम्मे.

आधी गाडीचे पाहू. फॉर्म्युला वनची गाडी ‘ओपन व्हील’ म्हणजे उघड्या चाकांची असते. आपल्या रोजच्या मोटारीची चाके पत्र्याच्या आत असतात. या गाडीची चारही चाके अंगाबाहेर असतात आणि मध्ये एकाच माणसाला बसण्यापुरती जागा असते. हर्णैला संध्याकाळच्या लिलावाआधी मासळी आणायला बैलगाड्या थेट पाण्यात घालतात. त्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला उघडे चाक म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण घाईत दोन गाड्या शेजारून जाऊ लागल्या की आधी चाके एकमेकांत अडकतात आणि गाडीवान बैलांना सोडून एकमेकांवर ओरडू लागतात. ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगात हेच घडले तर मागच्या गाडीचे पुढचे चाक पुढच्या गाडीच्या मागच्या चाकावर चढते आणि ते फिरते चाक तिला हवेत उचलून फेकते.

उघड्या चाकाची दुसरी अडचण वाऱ्याची आहे. फिरणारे रुंद चाक समोरची हवा घुसळून टाकते, त्यामुळे गाडीला मागे खेचणारा विरोध वाढतो आणि मागच्या भागापर्यंत पोहोचणारी हवा गढूळ होऊन जाते. या गाडीला पुढे-मागे जे पंख लावलेले असतात ते विमानाच्या उलट काम करतात, म्हणजे गाडीला जमिनीवर दाबून धरतात, आणि त्या पंखांना स्वच्छ हवा लागते. चाकांभोवतीची हवा कशी वळवावी याचे शेकडो प्रयोग विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात, गाडीची छोटी प्रतिकृती ठेवून करावे लागतात. एवढा खटाटोप प्रत्येक संघाला स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण फॉर्म्युला वनचा नियमच असा आहे की गाडीचा सांगाडा, पंख आणि बाहेरचे अंग संघाने स्वतः घडवले पाहिजे. इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र दुसऱ्याकडून विकत घेता येतात. म्हणून फॉर्म्युला वनमधील ‘छोटा संघ’ म्हणजे दोन गाड्या आणि दहा मेकॅनिक असे चित्र डोळ्यांसमोर आणू नये. फोर्स इंडिया हा छोटा संघ होता आणि त्यात ४०५ माणसे कामाला होती. मोठ्या संघांत याच्या दुपटीहून अधिक असत.

हा संघ जन्माने भारतीय नव्हताच. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनच्या शर्यतमार्गाला लागून एक कारखाना आहे, आणि त्या कारखान्यावरची पाटी तेवढी बदलत आली. पहिली पाटी जॉर्डनची. एडी जॉर्डन या आयरिश गृहस्थाने खालच्या श्रेणींत नाव कमावून १९९१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये प्रवेश केला आणि पहिल्याच हंगामात संघांच्या क्रमवारीत पाचवा क्रमांक मिळवला. त्याच वर्षी बेल्जियमच्या स्पा येथील शर्यतीच्या तोंडावर त्याचा एक चालक, बर्त्रां गाशो, लंडनमध्ये एका टॅक्सीवाल्याच्या तोंडावर अश्रुधुराचा फवारा मारल्याबद्दल तुरुंगात गेला. रिकाम्या जागी एका नवख्या जर्मन तरुणाला बसवण्यात आले. त्याने सुरुवातीच्या रांगेत सातवे स्थान मिळवले आणि पहिल्याच फेरीत क्लच गेल्यामुळे तो बाहेर पडला. पुढच्या शर्यतीला तो बेनेटन संघाच्या गाडीत होता. त्या तरुणाचे नाव मिखाएल शूमाखर.

आमच्याकडे चांगल्या तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य खलाशाच्या, बाबतीत हे दर मोसमाला घडते. एखाद्या लहान बोटीच्या मालकाने माणूस ओळखावा, त्याला जाळे कुठे टाकावे हे शिकवावे, आणि दोन महिने बरी मासळी लागली की मोठ्या बोटीवाल्याने जास्त उचल देऊन त्याला उचलून न्यावे. लहान मालकाच्या हाती चहाच्या टपरीवर शिव्या देण्यापलीकडे काही नसते.

जॉर्डनचे चांगले दिवस १९९८ आणि १९९९ चे. १९९८ मध्ये स्पालाच, धो धो पावसात, पहिल्याच वळणानंतर तेरा गाड्या एकमेकींवर आदळल्या. शर्यत पुन्हा सुरू करावी लागली आणि शेवटी डेमन हिल पहिला आणि राल्फ शूमाखर दुसरा आला. संघाचा हा पहिला विजय होता. पुढच्या वर्षी फ्रेंट्झेनने दोन शर्यती जिंकल्या आणि संघ तिसरा आला. त्यानंतर मात्र उतार लागला. होंडाने २००२ नंतर इंजिने देणे थांबवले, मोठे प्रायोजक आटले, तंबाखूच्या जाहिरातींवर युरोपात बंधने येत गेली, आणि मोटार कंपन्यांनी स्वतःचे संघ काढून खर्चाची पातळी अशी वर नेली की खासगी मालकाला तिथे उभे राहणेच कठीण झाले. २००३ मध्ये जॉर्डनने व्होडाफोनवर प्रायोजकत्वाच्या कराराबद्दल दावा लावला आणि तो हरला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये पावसाने गोंधळलेल्या एका शर्यतीत जानकार्लो फिसिकेलाला विजेतेपद मिळाले, तेही काही दिवसांनी, वेळेच्या नोंदी पुन्हा तपासल्यावर. हा संघाचा जॉर्डन या नावाने शेवटचा विजय.

२००५ च्या सुरुवातीला मिडलँड या उद्योगसमूहाने संघ विकत घेतला. आपल्या दृष्टीने या वर्षाचे महत्त्व असे, की याच पिवळ्या जॉर्डनमधून नारायण कार्तिकेयन हा पहिला भारतीय चालक फॉर्म्युला वनमध्ये उतरला. इंडियानापोलिसला टायरच्या वादामुळे केवळ सहा गाड्या धावल्या, त्या शर्यतीत तो चौथा आला. २००६ मध्ये पाटीवर मिडलँड, २००७ मध्ये स्पायकर ही डच मोटार कंपनी, आणि २००८ मध्ये फोर्स इंडिया. चार वर्षांत चार नावे. २००७ च्या अखेरीस विजय मल्ल्या आणि डच उद्योगपती मिखील मोल यांनी मिळून ८.८ कोटी युरोंना हा संघ घेतला.

पहिल्या वर्षी संघाला शून्य गुण मिळाले. मोनॅकोला संघाचा चालक आद्रियान सुटील शेवटच्या काही फेऱ्यांपर्यंत चौथा होता, आणि बोगद्यातून बाहेर येताना ताबा सुटलेल्या रायकोनेनच्या फेरारीने त्याला मागून धडक दिली. पुतण्याने मला त्याचे चित्रण दाखवले. गाडी ओढून आत नेल्यावर सुटील गॅरेजमध्ये रडत होता. चौथ्या क्रमांकाचे तेव्हा पाच गुण मिळत. त्या वर्षी संघाच्या नावावर ते पाचच गुण लागले असते, पण खात्यात शून्य आणि पाच यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते, आणि का ते पुढे येईलच.

२००९ साठी संघाने फेरारीचे इंजिन सोडून मर्सिडीजचे घेतले आणि गिअरबॉक्स मॅक्लारेनकडून. त्या वर्षीची गाडी वळणांवर सामान्य, पण सरळ रस्त्यावर हवेचा विरोध कमी असलेली अशी होती. स्पाचा मार्ग सात किलोमीटर लांब, आर्देनच्या जंगलातून चढ-उतार करत जाणारा, आणि त्यात लांबलचक सरळ पट्टे. तिथे फिसिकेलाने सर्वांत पुढची जागा मिळवली आणि शर्यतीत रायकोनेनच्या पाठोपाठ एका सेकंदाच्या आत दुसरा आला. ज्या संघाने तोवर एकही गुण मिळवलेला नव्हता, त्याचे हे पहिले आठ गुण होते. पुढच्या शर्यतीला फिसिकेला फेरारीच्या गाडीत होता. तांडेल पुन्हा गेला.

यानंतरची चढण मात्र जवळजवळ सरळ होती. दहावा, नववा, सातवा, सहावा, सातवा, सहावा, सहावा, पाचवा, चौथा, चौथा: २००८ ते २०१७ या दहा वर्षांतले संघाचे हे क्रमांक आहेत, आणि मी आयुष्यभर जे ताळेबंद पाहिले त्यांत एवढी नेटकी चढती रांग क्वचितच पाहिली. २०१७ मध्ये संघाचे १८७ गुण झाले. पुढे तीनच होते, मर्सिडीज, फेरारी आणि रेड बुल, आणि त्या तिघांशी खर्चाची तुलना करणे म्हणजे पगारदार माणसाने सावकाराच्या लग्नातला मांडव मोजण्यासारखे होते.

हे साधले कसे, याचे उत्तर कोकणातल्या कोणत्याही काटकसरी घराला लगेच कळेल. जे विकत मिळते ते स्वतः बनवायचे नाही, आणि जे बनवायचे त्यातही एकाच गोष्टीवर हात बसवायचा. इंजिन मर्सिडीजचे, जे २०१४ पासूनच्या नव्या नियमांत सर्वांत जोरदार ठरले, गिअरबॉक्सही बाहेरून, विंड टनेलसुद्धा २०१५ पासून जर्मनीतील कलोन येथे टोयोटाचे भाड्याने. उरलेला सगळा पैसा अँड्र्यू ग्रीन यांच्या हाताखालच्या अभियंत्यांनी हवेच्या अभ्यासावर आणि टायरच्या डावपेचांवर घातला. शर्यतीत टायर झिजले की गाडी थांबवून ते बदलावे लागतात आणि त्या प्रत्येक थांब्यात वीसेक सेकंद जातात. संघाचा मेक्सिकन चालक सर्जिओ पेरेझ टायर फार हळुवार वापरत असे. इतर दोनदा थांबत तेव्हा तो अनेकदा एकदाच थांबे आणि स्वतःपेक्षा वेगवान गाड्यांच्या पुढे निघून जाई. संघाच्या नावावर २०१८ पर्यंत जे सहा वेळा पहिल्या तिघांत येणे आहे, त्यातले पहिले स्पाचे आणि बाकीचे पाच एकट्या पेरेझचे.

आता पैशाकडे वळतो, आणि इथे थोडे सावकाश जायला हवे.

फॉर्म्युला वनमध्ये संघाकडे पैसा तीन वाटांनी येतो: मालकाच्या खिशातून, प्रायोजकांकडून, आणि खेळाच्या एकत्रित उत्पन्नातील वाट्यातून. तिसरी वाट सर्वांत मोठी आणि सर्वांत भरवशाची. प्रक्षेपणाचे हक्क आणि यजमान देशांकडून मिळणारे शुल्क यांतून जे जमते त्याचा एक भाग संघांत वाटला जातो. त्या काळच्या करारांनुसार एक हिस्सा पात्र संघांत सारखा वाटत आणि दुसरा हिस्सा क्रमांकाप्रमाणे उतरत्या भाजणीने. यांशिवाय फेरारी आणि आणखी काही मोठ्या संघांना जिंकणे-हरणे न पाहता वेगळी रक्कम मिळत असे. फोर्स इंडिया आणि सौबर या दोन संघांनी २०१५ मध्ये या वाटपाविरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रारही केली होती, जी पुढे मागे घेण्यात आली. वाटप अन्यायाचे होते असे मलाही वाटते. तरी संघ बुडण्याचे कारण मी त्यात शोधत नाही. अन्यायाच्या त्याच वाटपात संघ दहा वर्षे वर चढत होता.

एका क्रमांकाची किंमत काय असते याचे उदाहरण मॅनॉर संघाचे आहे. २०१६ च्या हंगामात मॅनॉरकडे एक गुण होता आणि सौबरकडे शून्य. शेवटून दुसऱ्या शर्यतीत, ब्राझीलच्या पावसात, सौबरचा फेलिपे नासर नववा आला आणि त्याला दोन गुण मिळाले. मॅनॉर दहाव्यावरून अकराव्यावर घसरला, वाट्यातील कोटीभराहून अधिक डॉलर गेले, गिऱ्हाईक मागे फिरले आणि जानेवारी २०१७ मध्ये संघ बंद पडला. २०१० मध्ये खर्चावर मर्यादा येणार या आश्वासनावर विसंबून जे तीन नवे संघ आले होते, त्यांतला हा शेवटचा. मर्यादा तेव्हा आलीच नाही. एचआरटी २०१२ ला गेला आणि कॅटरहॅम २०१४ ला. मोनॅकोला सुटीलचे गेले तसे पाच गुण किती मोलाचे ठरू शकतात, ते आता लक्षात येईल.

पण वाट्याचा पैसा त्याच वर्षी मिळत नाही, ही खरी गोम आहे. २०१७ मध्ये मिळवलेल्या चौथ्या क्रमांकाचे पैसे २०१८ मध्ये हप्त्याहप्त्याने येणार. आणि २०१८ ची गाडी २०१७ च्या उन्हाळ्यापासून कागदावर, हिवाळ्यात कारखान्यात, आणि फेब्रुवारीत चाचणीच्या मार्गावर असते. कार्बन फायबरचा पुरवठादार, इंजिनाचा हप्ता, ४०५ जणांचे पगार, युरोपाबाहेर सामान नेण्याचे विमानभाडे हे सगळे आज द्यायचे, आणि पराक्रमाचे दाम पुढल्या वर्षी घ्यायचे. मधले अंतर मालकाने किंवा प्रायोजकाने भरून काढायचे असते.

हे अंतर काय करू शकते ते मी घरात पाहिलेले आहे. माझ्या वडिलांची एक बोट होती. ज्या वर्षी ती विकली, ती वही मी अजून ठेवली आहे. डाव्या पानावर ऑगस्टपासून दिवाळीपर्यंतची कोळंबी, आणि ते आकडे आमच्या घरात कधी लिहिले गेले नव्हते एवढे मोठे. त्यांतल्या बहुतेक आकड्यांपुढे वडिलांच्या अक्षरात ‘येणे’ लिहिलेले आहे, कारण माल घेणारा व्यापारी तीन-तीन महिने पैसे देत नसे आणि डिझेलवरच्या कराचा परतावा आदल्या वर्षाचाच आलेला नव्हता. उजव्या पानावर डिझेल, बर्फ, जाळ्याची दुरुस्ती, खलाशांची उचल. आणि तिथे ‘देणे’ हा शब्द फार थोड्या ठिकाणी आहे, कारण बर्फवाला थांबत नाही. मार्गशीर्षात समुद्र मासळीने भरलेला असताना बोट डिझेलवाचून बंदरात उभी होती. दोन्ही पानांची बेरीज केली तर डावे पान भारी आहे. बोट तरीही विकली गेली.

फोर्स इंडियाच्या बाबतीत मधले अंतर भरणारे खिसे दोन होते. पहिला मल्ल्यांचा. गाडीवर प्रायोजक म्हणून जी नावे झळकत, त्यांतली ठळक नावे, किंगफिशर वगैरे, त्यांच्याच उद्योगांची होती, म्हणजे मालक आणि प्रायोजक या दोन वाटा प्रत्यक्षात एकाच विहिरीला जात होत्या. दुसरा खिसा सहारा समूहाचा, ज्याने २०११ मध्ये १० कोटी डॉलर देऊन ४२.५ टक्के भाग घेतला. त्याच वर्षी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली भारतीय ग्राँप्री झाली आणि सुटील नववा आला. तेव्हा सगळे जमून आल्यासारखे दिसत होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची विमाने जमिनीवर आली. २०१३ नंतर भारतीय ग्राँप्री झाली नाही. मार्च २०१४ मध्ये सहाराचे सुब्रत रॉय तुरुंगात गेले. मार्च २०१६ मध्ये मल्ल्यांनी भारत सोडला आणि बँकांच्या कर्जाची प्रकरणे त्यांच्या मागोमाग लंडनच्या न्यायालयात पोहोचली. दोन्ही विहिरी आटल्या, आणि गंमत अशी की नेमक्या याच काळात संघ सहाव्यावरून चौथ्यावर चढत होता.

तडा दिसत नव्हता असे नाही. २०१५ ची नवी गाडी वेळेवर तयार झाली नाही. संघाने जेरेझची पहिली चाचणी सोडली आणि बार्सिलोनाला आधी जुनीच गाडी आणली. कॅटरहॅम आणि मरुसिया, म्हणजेच पुढचा मॅनॉर, नुकतेच कोसळले होते, त्यामुळे पुरवठादार लहान संघांना उधार द्यायला कचरत होते. तरीही संघ त्या वर्षी पाचवा आला. माझ्या मते यातच घात झाला. पैशाविना काम निभते आहे असे एकदा दिसले, की पैसा आणण्याची निकड कोणालाच वाटेनाशी होते. २०१७ पासून बीडब्ल्यूटी या पाणी शुद्ध करणाऱ्या ऑस्ट्रियन कंपनीमुळे गाडी गुलाबी झाली आणि थोडा श्वास मिळाला, पण तो पुरेसा नव्हता. विकत घेणारे येत होते, पण भागभांडवल न्यायालयीन कचाट्यात अडकलेले असल्याने व्यवहार पुरा होत नव्हता.

२०१८ च्या एप्रिलमध्ये बाकूला पेरेझ तिसरा आला. जुलैमध्ये त्याचे स्वतःचे मानधनही थकलेले होते. २७ जुलैला, हंगेरीच्या शर्यतीच्या शुक्रवारी, लंडनच्या न्यायालयाने संघावर प्रशासक नेमले, आणि तो अर्ज पेरेझच्याच बाजूने झाला होता. मर्सिडीज आणि बीडब्ल्यूटी यांनी त्याला पाठिंबा दिला. आपल्याच संघाला चालकाने न्यायालयात खेचले, असा पुतण्याचा त्या सकाळी समज झाला होता आणि तो पेरेझवर चिडला होता.

इथे कायद्याचा एक फरक समजून घ्यावा लागतो. थकलेल्या कंपनीविरुद्ध धनको दोन प्रकारे जाऊ शकतात. एक, कंपनी गुंडाळण्याचा अर्ज: तो मान्य झाला की दरवाजाला कुलूप लागते आणि यंत्रे, गाड्या, सामान सुटे सुटे विकून पैसे वाटले जातात. बोटीच्या भाषेत, इंजिन एकाला, जाळी दुसऱ्याला आणि लाकूड तिसऱ्याला. दुसरा मार्ग प्रशासकाचा: तो मालकाच्या हातून कारभार काढून घेतो, धनकोंना तात्पुरते थोपवतो, धंदा चालू ठेवतो आणि अखंड धंद्याला गिऱ्हाईक शोधतो. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात साधारण अशीच व्यवस्था आली. दुसऱ्या एका धनकोचा संघ गुंडाळण्याचा अर्ज होता, आणि तो पुढे गेला असता तर संघ बंदच झाला असता, असे पेरेझने त्याच आठवड्यात सांगितले. त्याने आधी जाऊन बोट फोडण्याऐवजी बोट तरती ठेवणारा अर्ज केला. हे कळल्यावर पुतण्याचा राग गेला.

ऑगस्टमध्ये फॉर्म्युला वनचीही एक प्रकारची बंदी असते. कारखाने दोन आठवडे बंद ठेवावे लागतात. त्या शांततेत, ७ ऑगस्टला, कॅनडातील उद्योजक लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने संघ वाचवल्याची घोषणा झाली. पण कंपनीचे भाग (शेअर) विकत घ्यायला भारतीय बँकांची संमती लागत होती आणि ती मिळत नव्हती, म्हणून गटाने कंपनी न घेता तिचा धंदा, कारखाना आणि गाड्या घेतल्या. कायद्याच्या नजरेत हा नवा संघ झाला. नव्या संघाला नवा प्रवेश घ्यावा लागतो, आणि जुन्याने मिळवलेले ५९ गुण त्याला लागू होत नाहीत. वाट्याच्या पैशावरील जुना हक्क मात्र इतर संघांच्या संमतीने कायम राहिला, आणि सगळ्या धनकोंचे पैसे पूर्ण फेडले जातील असे प्रशासकांनी जाहीर केले. हिशेबनीस म्हणून मला या सबंध प्रकरणातले हे एकच वाक्य सुखावून गेले.

२६ ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या रविवारी, ‘रेसिंग पॉइंट फोर्स इंडिया’ हा शून्य गुणांचा संघ पहिल्यांदा धावला, आणि धावला तो स्पाला. आमच्याकडे संध्याकाळचे पावणेसात होत आले होते. बोटी पाण्यात जाऊन तीन आठवडे उलटले होते, तरी मी त्या दिवशी लिलाव सोडून घरी थांबलो. संघाचा दुसरा चालक ओकॉन तिसऱ्या आणि पेरेझ चौथ्या जागेवरून सुटले. पहिल्याच वळणावर मागे हुल्केनबर्गची गाडी अलोन्सोवर आदळली आणि अलोन्सोची गाडी लेक्लेर्कच्या डोक्यावरून उडून गेली. उघडे चाक म्हणजे काय हे मला तेव्हा खरे कळले. पुढे, वर चढत जाणाऱ्या सरळ पट्ट्यावर, चार गाड्या शेजारी-शेजारी होत्या आणि त्यांतल्या दोन गुलाबी होत्या. शेवटी पेरेझ पाचवा आणि ओकॉन सहावा आला. एका दिवसात १८ गुण.

पुढच्या वर्षी नावातून ‘फोर्स इंडिया’ गेले. ओकॉनच्या जागी स्ट्रोल यांचा मुलगा आला. पेरेझने डिसेंबर २०२० मध्ये साखीरला, पहिल्या फेरीत धडक होऊन शेवटच्या स्थानावर गेल्यानंतर, शर्यत जिंकली. त्याला पुढच्या वर्षी संघात जागा नाही हे तेव्हा ठरून गेले होते. २०२१ पासून कारखान्यावर ॲस्टन मार्टिनची पाटी आहे, आणि त्याच वर्षापासून संघांच्या खर्चावर १४.५ कोटी डॉलरची मर्यादा आली, जी २०१० मध्ये यायची होती.

२०१८ च्या अखेरीस पुतण्याने माझ्याच एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर बेरीज मांडली होती. नव्या नावाने मिळवलेले ५२ गुण, त्यामुळे अधिकृत क्रमांक सातवा. त्याच्या वर त्याने पेन्सिलीने ५९ लिहिले आणि खाली १११. पाचव्या आलेल्या हास संघाचे ९३ होते. तीच माणसे, तोच कारखाना, त्याच दोन गाड्या, असे म्हणून त्याने १११ भोवती वर्तुळ काढले. मी त्याला सांगितले की ५९ जुन्या खात्याचे आहेत, ते या पानावर ओढता येत नाहीत. आणि तो म्हणाला, ‘‘मग पेन्सिलीनेच राहू दे.’’